त्रास वाढला म्हणजे जंतू मेले का?

लाइम या जंतुजन्य रोगावरच्या पर्यायी उपचारांत एक हिशोब सर्रास चालतो. विजेच्या किंवा चुंबकीय लहरी सोडणाऱ्या 'राइफ मशीन'समोर रुग्णाने किती मिनिटं बसायचं, हे त्याला नंतर होणाऱ्या त्रासावरून ठरवतात. सुरुवात दोन-तीन मिनिटांच्या सेशनने. मग अंग ठणकतं, गळून जातं, डोकं जड होतं. रुग्णमंडळी याला 'हर्क्स' म्हणतात. हर्क्स ओसरेपर्यंत थांबायचं आणि पुढच्या वेळी थोडी मिनिटं वाढवायची. त्रास फार झाला तर वेळ कमी करायचा, काहीच झालं नाही तर वाढवायचा किंवा लहरींचा आकडा बदलायचा. ही पद्धत सावधपणाची वाटते. पण तिचा पायाच चुकीचा आहे, आणि आजारी माणसाला तिची मोठी किंमत मोजावी लागते.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. हर्क्स ही कुणी रचलेली थाप नाही. सिफिलिसवर पाऱ्याचे उपचार सुरू केले की रुग्णाचे चट्टे भडकतात, हे अडोल्फ यारिश यांनी 1895 मध्ये आणि कार्ल हर्क्सहायमर यांनी 1902 मध्ये नोंदवलं. सिफिलिस, लाइम आणि कोकणात पावसाळ्यात डोकं वर काढणारा लेप्टो हे तिन्ही पिळदार जंतूंचे आजार. प्रतिजैविकाने हे जंतू फुटले की त्यांचे घटक रक्तात उतरतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा खवळते, ताप आणि हुडहुडी येते. म्हणजे औषधानंतर काही काळ बिघडणं हे जंतू मरत असल्याचं लक्षण असू शकतं. इथवर पूर्वपक्षाशी माझं भांडण नाही.

पण त्या प्रतिक्रियेचा स्वभाव पाहा. ती पहिल्या डोसानंतर काही तासांत येते आणि बहुधा एका दिवसात उतरते. दर आठवड्याला, महिनोन्‌महिने ती येत राहत नाही. शिवाय ती येते जंतू मारणाऱ्या सिद्ध औषधामागून. यंत्राला ज्यांचं नाव आहे त्या रॉयल राइफ यांनी 1930च्या दशकात सॅन डिएगोत दावा केला की प्रत्येक जंतू त्याच्या ठरावीक लहरींनी मरतो. माणसाच्या शरीरातला लाइमचा जंतू अशा यंत्राने मरतो, हे आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही. मग सेशननंतरच्या त्रासाला हर्क्स म्हणणं म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरणं होय.

यावर उत्तर येतं, 'पण त्रास तर सेशननंतरच होतो ना!' त्यासाठी 2001 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेली क्लेम्पनर यांची चाचणी पाहावी. लाइमवर उपचार होऊनही बरे न वाटलेल्या रुग्णांपैकी काहींना 30 दिवस शिरेतून आणि 60 दिवस तोंडाने प्रतिजैविकं दिली, बाकीच्यांना हुबेहूब दिसणारं निष्क्रिय औषध. रक्तात लाइमची प्रतिपिंडं आढळलेल्या गटात खऱ्या औषधाने 37 टक्के सुधारले, निष्क्रिय औषधावर 40 टक्के. बिघडले दोन्हीकडे 34 टक्के. निष्क्रिय औषध घेणाऱ्या त्या 34 टक्क्यांचे कुठले जंतू मरत होते? हा आजार आपल्या चालीने चढतो-उतरतो. तीच माणसं यंत्रासमोर बसली असती, तर बिघडलेल्यांना हर्क्स आलं असतं आणि सुधारलेल्यांना यंत्राने बरं केलं असतं. ज्या उपचाराला चुकीचं ठरायला वाटच ठेवलेली नाही, त्याची मिनिटं कशाच्या आधारे मोजायची?

'यंत्राने निदान अपाय तर होत नाही' हा युक्तिवादही मला मान्य नाही. लाइमवरच्या इतर असिद्ध उपचारांनी काय झालं ते आधी पाहा. लाइमवर म्हणून टोचल्या जाणाऱ्या बिस्मथच्या 'बिस्मासिन'विरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाला 2006 मध्ये इशारा द्यावा लागला. दीर्घ लाइमच्या नावाने शिरेत महिनोन्‌महिने नळी ठेवलेले रुग्ण जंतुसंसर्गाने दगावले आहेत. यंत्र शिरेत शिरत नाही, हे खरं. पण प्रत्येक नव्या लक्षणाला हर्क्स म्हणायची सवय एकदा लागली की हृदयाचा, थायरॉइडचा, नैराश्याचा आजार त्याच नावाखाली दडून राहतो. हा विलंब मला सर्वांत घातक वाटतो.

तरीही रुग्णांची मूळ तक्रार खरी आहे. 10 ते 14 दिवसांच्या डॉक्सीसायक्लीनने बहुतेक जण बरे होतात, पण 5 ते 10 टक्के लोकांचा थकवा, सांधेदुखी, विस्मरण महिनोन्‌महिने जात नाही. त्यांना 'सगळं मनाचं आहे' म्हणून परत पाठवणाऱ्या डॉक्टरांनीच त्यांना यंत्रांच्या दारात नेऊन सोडलं आहे. अशा रुग्णाला रक्ताची पुन्हा तपासणी हवी, झोपेवर आणि वेदनेवर उपचार हवेत, ताकद पाहून हळूहळू वाढवलेली हालचाल हवी आणि त्याचं ऐकून घेणारा डॉक्टर हवा. हे रुग्ण सेशनची जी बारकाईने वही ठेवतात तिची मला कदर वाटते. ती ठेवावीच. त्रास किती वाजता सुरू झाला, थर्मामीटरवर ताप किती, आदल्या दिवशी श्रम किती झाले, झोप किती, हे सारं लिहावं. फक्त 'जंतू मेले' हा शेरा वहीत नको. यंत्र पडद्याआड कधी चालू, कधी बंद ठेवून रुग्णाला फरक कळतो का, हे तपासायची जबाबदारी विकणाऱ्यांची होती. ती त्यांनी रुग्णाच्या अंगावर ढकलली.

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट हा लाइमचा बालेकिल्ला आहे आणि तिथे आपली असंख्य मराठी कुटुंबं राहतात. त्यांना विनंती आहे: लाइम झालेल्या माणसाला छातीत धडधड, घेरी, धाप जाणवली, चेहरा एका बाजूला ओढला गेला किंवा ताप दिवसभरात उतरला नाही, तर सेशनची मिनिटं कमी करून वाट पाहू नका. त्याच दिवशी इस्पितळ गाठा आणि हृदयाचा ईसीजी काढून घ्या.