उद्याची सवलत, आजची मालमत्ता

आमच्या शिक्षक कक्षात परवा वाद झाला. एक सहकारी म्हणाले, "सर, बँकेच्या अहवालात लिहिलंय तो नफा, ती मालमत्ता खरीच असणार ना? ऑडिट झालंय!" मी म्हणालो, मालमत्तेतही फरक असतो. काही तिजोरीत असते, काही फक्त उद्याच्या भरवशावर.

बँकांच्या ताळेबंदात 'डिफर्ड टॅक्स ॲसेट' नावाची एक ओळ असते. तिचा अर्थ सोपा आहे. समजा, बँकेने यंत्र किंवा बस विकत घेऊन भाडेपट्ट्याने दिली. आपल्या हिशेबात तिने घसारा लवकर धरला, पण आयकर कायद्याने तो हळूहळू मान्य केला. मग आज कर जास्त भरावा लागतो, पुढे कमी. बुडीत कर्जासाठी केलेल्या तरतुदीचेही बरेचसे असेच होते. पुढे वाचणारा हा कर बँक आजच मालमत्ता म्हणून लिहिते.

यात लबाडी नाही. हिशेबाचे मानकच तसे सांगते. पण ही मालमत्ता विकता येत नाही, ठेवीदाराला देता येत नाही. पुढे नफाच झाला नाही तर तिचा उपयोगही नाही.

20 सप्टेंबर 2019 रोजी सरकारने कंपनी कराचा दर कमी केला. नवा दर निवडणाऱ्यांसाठी तो अधिभार व उपकरासह सुमारे 35 टक्क्यांवरून 25.17 टक्क्यांवर आला. साऱ्यांना आनंद. पण 100 रुपयांच्या तरतुदीवर पुढे 35 रुपये वाचतील असे लिहिले होते, तिथे आता 25च वाचणार. दहा रुपये एका रात्रीत गेले. त्या तिमाहीत ॲक्सिस बँकेला या एका कारणाने 2,138 कोटी रुपये वजा करावे लागले आणि 112 कोटींचा तोटा दाखवावा लागला. आयसीआयसीआय बँकेचा असाच भार 2,920 कोटींचा होता. कर घटला आणि तोटा झाला! रिझर्व्ह बँकही बँकेचे भांडवल मोजताना या मालमत्तेला मर्यादितच जागा देते, तोट्यातून आलेली तर वजाच करते.

आपल्या मराठवाड्याला 'इजारा' हा शब्द नवा नाही. फिकहमध्येही तोच शब्द आहे. तिथे भाड्याने देणारा मालक राहतो आणि वस्तूची जोखीमही त्याचीच. वस्तू डोळ्यांसमोर असते. कुरआनातील सूरह अल-बकराची 282वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते, साक्षीदार ठेवायला सांगते. पण आपण लिहिलेले वाचतो का?

बीडमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये असंख्य कुटुंबांच्या ठेवी अडकल्या. तिथला प्रश्न या कराचा नव्हता, पण धडा तोच आहे. जास्त दर आणि चकचकीत अहवाल पाहून आपण विश्वास टाकला. बँकेतील ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतील ठेवीला तो नसतो, एवढेही अनेकांना ठाऊक नव्हते.

आपल्या समाजात व्याज हलाल की हराम यावर रात्र रात्र चर्चा होते. ती व्हावीच. पण ठेव ही अमानत आहे, आणि ज्याच्या हाती ती देतो त्याचा हिशेब वाचणे हीसुद्धा जबाबदारीच आहे. दहावीच्या पोराला शेकडेवारी शिकवतो, तसा एकदा ताळेबंदही शिकवूया.