शंख, आरसा आणि अग्वेची होडी

यंदा श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. नेहमीची मंडळी होतीच, पण ऑफिसातल्या एका सहकाऱ्यालाही बोलावलं होतं. तो मूळचा हैतीचा. पूजेतला शंख पाहून म्हणाला, ''हा आमच्याही घरात पूजेला असतो. तुमचा पांढरा आणि लहान. आमचा आतून गुलाबी, नारळापेक्षा मोठा.''

''कुठल्या पूजेला?'' मी विचारलं.

''व्होडूच्या.''

आता खोटं कशाला बोलू? माझ्या डोळ्यांपुढे टाचण्या टोचलेली बाहुली आली. मास्टर्स करून, इतकी वर्षं या देशात काढून आमची माहिती एवढीच, आणि तीही सिनेमातली! माझा चेहरा बघून तो हसला. मग शिऱ्याच्या दुसऱ्या वाटीबरोबर त्याने जे सांगितलं आणि नंतर लायब्ररीत जे वाचलं, ते इथे देतो.

हैतीच्या व्होडूत देवतांना 'ल्वा' म्हणतात. समुद्राचा ल्वा अग्वे, कोळ्यांचा आणि खलाशांचा राखणदार. त्याची बायको लासिरेन, म्हणजे जलपरी. अग्वेच्या वेदीवर छोट्या होड्या, वल्ही, शिंपले मांडतात. लासिरेनसाठी आरसा आणि कंगवा. आरसा नुसता नटण्यामुरडण्यासाठी नव्हे. पाण्याचा पृष्ठभाग हाच आरसा आणि त्याच्या पलीकडे पितरांचं जग, अशी समजूत आहे. माणूस गेला की त्याचा आत्मा एक वर्ष आणि एक दिवस पाण्याखाली राहतो. मग विधी करून त्याला वर बोलावतात आणि मातीच्या मडक्यात जागा देतात.

पूजेच्या वेळी मक्याचं पीठ चिमटीतून सोडत जमिनीवर अग्वेची शिडाची होडी काढतात. थेट आपली रांगोळीच! अग्वेला हाक मारायची ती शंख फुंकून. या शंखाला ते 'लांबी' म्हणतात (रुंदीच्या जोडीची नव्हे!). मोठ्या पूजेत केक, फळं, पेयं यांनी भरलेली एक छोटी होडी समुद्रात नेऊन सोडतात. ती बुडाली की नैवेद्य पावला.

मला एक कोडं पडलं. यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून साखळदंडात आणलं ते जहाजांतूनच. मग होडीची पूजा कशी काय? तो म्हणाला, ''समुद्राने आम्हाला तोडलं खरं. पण आमचं 'गिने', म्हणजे पूर्वजांची आफ्रिका, त्याच पाण्याखाली आहे. परतीची वाटही तिथूनच.''

मी गप्प झालो. आपण विमानाने आलो, व्हिसा घेऊन, दोन बॅगा भरून. त्यांना एक चिंधीही बरोबर आणता आली नाही. मग किनाऱ्यावर जे मिळालं त्यातच त्यांनी देव पाहिला. १७९१ साली गुलामांनी उठाव केला, तेव्हा इशारे द्यायला हाच शंख फुंकला, असं हैतीत मानतात. १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र झाला. पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये आल्बेर मांगोनेस यांनी १९६७ साली घडवलेला पळालेल्या गुलामाचा पुतळा आहे. पायात तुटलेली बेडी, हातात कोयता आणि ओठांना शंख.

पाहुणे गेल्यावर आमच्या कन्येने विचारलं, ''बाबा, मग आपण शंख का ठेवतो?'' इंजिनिअरच तो, मी सुरू झालो. ओठांची कंपनं, आतली रुंदावत जाणारी वळणदार नळी, अनुनाद... तिने मध्येच थांबवलं. ''हे 'कसं' झालं. मी 'का' विचारलं.''

उत्तर नव्हतं. रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, ''अरे, तो माझ्या सासूबाईंचा. तू निघालास तेव्हा तुझ्या बॅगेत लोकरीच्या टोपीत गुंडाळून मीच ठेवला. तू कधी विचारलंच नाहीस.''

वीस वर्षं तो माझ्या देवघरात आहे, आणि मी विचारलं नव्हतं! मुलांना आपलं काही माहीत नाही म्हणून आपण मंडळाच्या प्रत्येक मीटिंगमध्ये हळहळतो. ज्याचं सगळं हिरावून घेतलं होतं त्याला प्रत्येक शिंपल्याचा अर्थ सांगता येतो, आणि आपण? असो. पुढच्या रविवारी फोन लावाल तेव्हा हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर देवघरातल्या एखाद्या वस्तूबद्दल विचारा. जे कळेल ते मुलांना सांगा, आणि जमलं तर मलाही कळवा.