आजोबा कुठले?

परवा रात्री जागून इंग्लंडमधली एक मॅच बघत होतो. (सकाळी साडेनऊला स्टँडअप कॉल होता. त्याचं काय झालं ते विचारू नका.) कॉमेंटेटर एका खेळाडूचा उल्लेख सारखा 'अमेरिकन' असा करत होता. रूममेटला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, तो फक्त माझे वेफर्स संपवायला बसतो. तो म्हणाला, "काय रे, ही अमेरिकेतली पोरं इंग्लंडमध्ये जाऊन खेळतात कशी? आपली का नाही जात?" मी म्हटलं, आपलं सोड, अमेरिकेतल्या पोरांनाही सहजासहजी जाता येत नाही. जे गेले त्यातले बरेचसे आजोबांच्या पुण्याईवर गेले.

त्याला वाटलं मी गंमत करतोय. म्हणून हा लेख.

जे डीमेरिट हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर आधी त्याची गोष्ट ऐका. विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे गावचा हा मुलगा. शिकागोला इलिनॉय विद्यापीठाकडून फुटबॉल खेळला. कॉलेज संपलं आणि एमएलएस, म्हणजे अमेरिकेतली मुख्य लीग, तिच्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कॅम्पस प्लेसमेंट झाली नाही. तर हा पठ्ठ्या २००३ साली खिशात १८०० डॉलर घेऊन लंडनला गेला. मित्राच्या आईच्या घरी पोटमाळ्यावर राहिला. खेळायला क्लब मिळाला साउथॉलचा. तेच साउथॉल, जिथे रस्त्यावर गरम जिलब्या मिळतात. हा क्लब इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत नवव्या पायरीवर होता, आणि पगार आठवड्याला ४० पौंड. तिथून नॉर्थवुड नावाच्या दुसऱ्या छोट्या क्लबकडे. २००४ च्या उन्हाळ्यात नॉर्थवुडची वॉटफर्डबरोबर एक सराव मॅच झाली. त्यात वॉटफर्डवाल्यांना हा आवडला, त्यांनी ट्रायलला बोलावलं आणि एक वर्षाचा करार दिला.

पुढे काय झालं? २१ मे २००६. कार्डिफचं मिलेनियम स्टेडियम, समोर लीड्स. जिंकेल तो प्रीमियर लीगमध्ये जाणार, आणि त्या जाण्याची किंमत कोट्यवधी पौंडांत. ॲशली यंगने कॉर्नर घेतला आणि डीमेरिटने हेडरवर मॅचमधला पहिला गोल केला. वॉटफर्ड ३-० ने जिंकलं. नंतर तो त्या क्लबचा कॅप्टन झाला आणि २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेकडून इंग्लंडविरुद्धच खेळला. ती मॅच १-१ बरोबरीत सुटली.

कष्ट, जिद्द, चिकाटी वगैरे सगळं यात आहेच. पण ही गोष्ट सांगताना लोक एक बारीक तपशील भरकन पुढे ढकलतात. डीमेरिटचे आजोबा डेन्मार्कचे. त्यामुळे त्याला युरोपात राहून काम करायची मुभा मिळाली. ते आजोबा नसते तर त्या ४० पौंडांच्या नोकरीसाठीही तो बेकायदा ठरला असता, आणि पुढचं सगळं, कॉर्नर, हेडर, वर्ल्ड कप, काही म्हणजे काही घडलं नसतं. त्याच्या कॉलेजच्या वर्षात त्याच्याइतकेच चांगले दहा डिफेंडर असतील, त्यांचे आजोबा आयोवाचे असतील. संपला विषय.

आता नियम काय होते ते थोडक्यात सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे. २०१५ पर्यंत युरोपबाहेरच्या खेळाडूला इंग्लंडमध्ये वर्क परमिट हवं असेल तर अट अशी होती: तुमचा देश फिफा क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये पाहिजे, आणि देशाच्या गेल्या दोन वर्षांतल्या अधिकृत सामन्यांपैकी ७५ टक्के सामन्यांत तुम्ही खेळलेले पाहिजे. २०१५ मध्ये अट बदलली. पहिल्या ५० मधलाच देश हवा, आणि देश जितका वर तितकी टक्केवारी कमी. २०२१ पासून पॉइंट्स आले. देशाकडून किती खेळलात, कुठल्या लीगमध्ये किती मिनिटं खेळलात, क्लबचा नंबर कितवा, असं सगळं धरून १५ पॉइंट्स जमले की पास.

आयटीतल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. फ्रेशर पाहिजे, अनुभव पाच वर्षं. अठरा वर्षांचा पोरगा अमेरिकेच्या मुख्य संघातून ७५ टक्के मॅचेस कधी खेळणार? मुख्य संघात यायचं तर मोठ्या लीगमध्ये खेळून दाखवलं पाहिजे, आणि मोठ्या लीगमध्ये जायचं तर मुख्य संघात असलं पाहिजे. कोणी शाळकरी मुलाने असा कोड लिहिला असता तर आम्ही त्याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणून परत पाठवला असता.

या चक्रात सापडलेल्यांची उदाहरणं भरपूर आहेत. ब्रॅड फ्रीडल गोलकीपर. नव्वदच्या दशकात इंग्लिश क्लब त्याला घ्यायला तयार होते, पण परमिट एकदा नाही, अनेकदा नाकारलं गेलं. मग तो डेन्मार्क, तुर्कस्तान आणि परत अमेरिका असा फिरला आणि १९९७ च्या डिसेंबरात कुठे लिव्हरपूलला पोचला. ज्याला नको-नको म्हटलं त्याच माणसाने पुढे प्रीमियर लीगमध्ये ओळीने ३१० सामने खेळायचा विक्रम केला! परमिटच्या टेबलावर बसलेल्या साहेबांनी तो आकडा कधी वाचला असेल का, कोण जाणे. फ्रेडी अडूचं उलटं झालं. चौदाव्या वर्षी एमएलएसमध्ये, पुढचा पेले म्हणून गाजावाजा. २००६ च्या शेवटी तो दोन आठवडे मँचेस्टर युनायटेडबरोबर सराव करून आला. परमिटचा प्रश्न असल्याने सरावापलीकडे काही झालं नाही. पुढे तो बेनफिकाला गेला आणि मग कुठेच टिकला नाही. इंग्लंडला गेला असता तर टिकला असता असं मी म्हणत नाही, बहुतेक नसताच टिकला. पण ते मैदानावर ठरायला हवं होतं ना.

आणि आता क्रिश्चियन पुलिसिक. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीचा, चॉकलेटवाल्या गावचा. सात वर्षांचा असताना आईच्या शिक्षकी कामामुळे वर्षभर इंग्लंडमध्ये राहिला होता आणि तिथल्याच एका छोट्या क्लबच्या मुलांत खेळला होता. आजोबा क्रोएशियातल्या ओलिब बेटावरचे. फिफाच्या नियमाप्रमाणे अठराच्या आत परदेशी क्लबकडे जाता येत नाही, पण युरोपियन युनियनच्या आत सोळाव्या वर्षी जाता येतं. त्या आजोबांमुळे मिळालेल्या क्रोएशियन पासपोर्टवर तो सोळाव्या वर्षी जर्मनीला डॉर्टमुंडकडे गेला. आणि २०१९ च्या जानेवारीत चेल्सीने त्याच मुलासाठी डॉर्टमुंडला सुमारे ५ कोटी ८० लाख पौंड मोजले. ज्या देशात तो सातव्या वर्षी फुकटात खेळत होता, त्या देशाने तो वीस वर्षांचा झाल्यावर दुसऱ्याच्या दुकानातून विकत घेतला. जिओ रेनाचं तर अजून भारी. वडील सँडरलंड क्लबकडून खेळत असताना त्याचा जन्म सँडरलंडमध्येच झाला, पण युरोपात करिअर सुरू झालं ते आजीकडून मिळालेल्या पोर्तुगीज पासपोर्टवर, तेही डॉर्टमुंडमध्येच. डॉर्टमुंडच्या ऑफिसात बहुधा पहिला प्रश्न हाच विचारत असावेत, बाळा, आजोबा कुठले?

दुसरी बाजूही बघा. अमेरिकन संघातले जे खरोखर इंग्लिश अकॅडमीत घडले ते कोण? अँटनी रॉबिन्सन मिल्टन कीन्समध्ये जन्मला, वडिलांमुळे अमेरिकन. बालोगन आणि युनूस मुसा दोघेही न्यूयॉर्कचे जन्म, पण आईवडिलांबरोबर लहानपणीच निघाले आणि आर्सेनलच्या अकॅडमीत वाढले. म्हणजे पोरात गुण होतेच, पण दार उघडलं ते घरच्यांच्या स्थलांतराने.

आता कुणी म्हणेल, नियम असायलाच पाहिजेत. मान्य. अठराच्या आतल्या मुलांचा फिफाचा नियम तर मला शंभर टक्के पटतो. एजंट लोक आफ्रिकेतून पोरं घेऊन यायचे आणि क्लबने नाही म्हटलं की युरोपातल्या कुठल्यातरी शहरात सोडून द्यायचे, हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. मोठ्या क्लबांनाही या नियमाखाली शिक्षा झाल्या आहेत. २०१९ मध्ये चेल्सीवर खेळाडू घेण्याची बंदी आली ती यातूनच (पुलिसिक तोवर खिशात पडला होता, हा भाग वेगळा). माझं भांडण त्या नियमाशी नाही. भांडण अठराच्या पुढच्या अडथळ्याशी आहे.

तो कशासाठी, तर इंग्लिश पोरांना संधी मिळावी म्हणून. ऐकायला छान आहे. पण अडतो कोण ते बघा. ब्राझीलचा तयार स्टार अडत नाही, त्याचे पॉइंट्स भरपूर. अडतो तो स्वस्तातला, कुणाला माहीत नसलेला. २०२३ मध्ये फुटबॉल असोसिएशनने थोडी ढील दिली. प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिपच्या क्लबांना पॉइंट्स न जमलेले चारपर्यंत आणि खालच्या दोन डिव्हिजनना दोनपर्यंत खेळाडू घेता येतील असं केलं. चांगलं केलं, पण वरच्या क्लबांच्या त्या जागांवर कोण बसणार? ज्याच्यावर आधीच लाखो पौंड लावलेत तोच. २०२४ मध्ये फिलाडेल्फिया युनियनने चौदा वर्षांच्या कॅव्हन सलिव्हनशी करार केला, त्यातच अठरा पूर्ण झाल्यावर मँचेस्टर सिटीकडे जायची तजवीज आहे. अशा मुलाला जागा मिळेलच, मिळावीही. पण पोटमाळ्यावरच्या डीमेरिटला? नवव्या पायरीवरच्या क्लबला परदेशी खेळाडूसाठी शिफारस मिळवायची सोयच नाही.

आणि ब्रेक्झिटनंतर, म्हणजे २०२१ पासून, डेन्मार्कचे आजोबाही कामाचे राहिले नाहीत. एका अर्थाने न्याय झाला म्हणायचा. आधी आजोबावाल्यांना दार उघडं होतं, आता सगळ्यांनाच बंद. आमच्याकडे एका लिफ्टबद्दल तक्रार केली तर दोन्ही बंद करतात तसं.

माझ्या मते उपाय फार अवघड नाही. खालच्या दोन डिव्हिजनच्या प्रत्येक क्लबाला दरवर्षी एक जागा द्या, फक्त ट्रायलवर. पॉइंट्स नाहीत, पासपोर्ट नाही. एक वर्षाचं प्रोबेशन, मॅचेस खेळला तर पुढे, नाहीतर घरी. एका जागेने इंग्लंडच्या पोरांचं भवितव्य बुडत असेल तर ते आधीच बुडालेलं आहे.

तुम्ही म्हणाल, तुला एवढा राग का? सांगतो. माझ्या पहिल्या टीममध्ये म्हापशाचा एक मित्र होता. आम्ही शेजारी बसायचो, एकाच मोड्यूलवर काम करायचो, आणि खरं सांगायचं तर त्याचे बग जास्त निघायचे. त्याचे आजोबा १९६१ च्या आधीचे गोव्यातले, म्हणजे पोर्तुगीज राज्यातले. त्यावर पासपोर्ट काढून तो २०१९ मध्ये इंग्लंडला स्विंडनला गेला, आता तिथेच स्थायिक आहे. चांगला माणूस आहे, त्याचं बरं झालं याचा मला आनंदच आहे. मी २०२२, २०२३ आणि २०२४ अशी तीन वर्षं एच-१बीच्या लॉटरीत नाव दिलं. तिन्ही वेळा नाही. माझे आजोबा बांद्याचे. पत्रादेवीची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर.

रूममेटचा मूळ प्रश्न राहिलाच. आपली पोरं का नाही जात? सुनील छेत्रीला २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने तीन वर्षांचा करार देऊ केला होता. परमिट नाकारलं. भारत पहिल्या ७० मध्ये नव्हता. हे सांगितल्यावर तो वेफर्स खायचा थांबला आणि म्हणाला, "म्हणजे त्याला बघितलंच नाही कुणी?" क्लबने बघितलं होतं रे बाबा, तेच तर.

बाय द वे, डीमेरिटवर 'राइज अँड शाइन' नावाची डॉक्युमेंटरी २०११ साली निघाली, तीही लोकांकडून वर्गणी गोळा करून. मला अजून पूर्ण बघायला मिळालेली नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा.