अट मोडली की लगेच तुरुंग कशाला?

फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर कोर्ट माणसाला तुरुंगात न टाकता चांगल्या वागणुकीच्या बॉण्डवर सोडू शकतं. 1958 च्या परिवीक्षा कायद्यात ही सोय आहे. बॉण्ड जास्तीत जास्त तीन वर्षांचा. त्यात दारू पिणार नाही, अशीही अट घालता येते.

पण दारूची सवय एका अंगठ्याने सुटते का? माणूस घसरतो, आणि मग त्याला आत टाका म्हणतात. आमचं म्हणणं, तुरुंगात दारूचा आजार बरा होत नाही. इकडे बाई एकटी पडते, प्लॉट पडीक राहतो आणि त्यावर वनखात्याचे खड्डे पडतात.

कायदा एवढा कडक नाहीच. कलम 9 प्रमाणे पहिल्यांदा अट मोडली तर 50 रुपयांपर्यंत दंड करून बॉण्ड चालू ठेवता येतो. परिवीक्षा अधिकाऱ्याने अर्ज केला तर कलम 8 खाली अटी बदलतात. दवाखान्यात उपचाराची अट घाला, असं आपण त्याला सांगायचं.

साथींनो, समन्स आलं तर लपून बसू नका. तारखेला गावातले दोघंतिघं बरोबर जा आणि वकिलाला कलम 9 ची आठवण द्या.