फटफटी अवजड की हलकी?

दूरच्या प्रवासास निघावयाचे, तर वाहन भक्कम व वजनदार हवे, असे पुष्कळांस वाटते. त्यात तथ्य नाही असे नाही. होंडा कंपनीने 1975 साली प्रथम बाजारात आणलेल्या 'गोल्ड विंग' मोटारसायकलीचा आजचा प्रवासी नमुना सुमारे 390 किलो भरतो. रुंद, सरळ रस्त्यावर तो भर वेगातही स्थिर राहतो. मागे बसणाऱ्यास पाठ टेकावयास मिळते. दोघांचे सामान सुखाने मावते. पण ही गाडी जागच्या जागी मागे घेण्यासाठी निर्मात्यांना यंत्राचीच योजना करावी लागली, ही गोष्ट बोलकी नव्हे काय?

आता मनालीहून लेहला जाणारी वाट पाहावी. तेथील काही खिंडी 5000 मीटरांहून उंच आहेत. ऊन चढले की बर्फ वितळते आणि सकाळी घोट्याइतके असलेले ओहोळ दुपारी फुगून रस्त्यावरून धावू लागतात. गोट्यांवरून चाक निसटते, गाडी आडवी होते. हवा इतकी विरळ, की चार पावले चालताच धाप लागते. तेथे सव्वाशे किलोंची गाडी एकटा मनुष्य कशीबशी उभी करील; अवजड गाडीच्या धन्याने मात्र मदतीसाठी वाटेकडे डोळे लावून बसावे! हलक्या गाडीचे लहान इंजिन चढावर कुंथते, वाऱ्यात ती डगमगते, हे मान्य केलेच पाहिजे.

लडाखला निघणाऱ्याने गाडी घेण्यापूर्वी ती मऊ मातीवर निजवून एकट्याने उचलून पाहावी. विक्रेत्यास हे रुचणार नाही; पण ओहोळात तो बरोबर नसतो.