रिश्त्यापायी लपवलेलं दुखणं

आमच्या धाराशिव जिल्ह्यात पंचविशीतल्या पोराची कंबर धरली की निदान गल्लीतच होतं: 'गाडी फार चालवतो', 'मणक्यात गॅप आलाय'. मग मालिश, कमरेला पट्टा, कुणीतरी दिलेल्या पुड्या. घरात बहिणी लग्नाच्या असतील तर आणखी एक उपाय ठरलेला: कुठं बोलू नका, रिश्ते येणार नाहीत. माझं भांडण या गप्प बसण्याशी आहे.

कष्टाने दुखणारी कंबर विश्रांतीने शांत होते. पण ऐन तरुणपणी सुरू झालेलं, तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं, पहाटे झोपमोड करणारं, फजरला उठताना पाठ लाकडासारखी ताठ करणारं आणि हालचाल केली की हलकं होणारं दुखणं वेगळं. तो मणक्याचा संधिवात, म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असू शकतो. काहींचा डोळाही अचानक लाल होऊन दुखतो. आजार वाढत गेला तर मणके एकमेकांना जखडतात. रुकूत वाकणंही अवघड होतं.

या आजाराचा एचएलए-बी२७ या जनुकाशी संबंध असल्याचं १९७३ मध्येच समोर आलं. आई-बापापैकी एकाकडे त्याची एक प्रत असेल, तर प्रत्येक अपत्याकडे ती येण्याची शक्यता निम्मी. धोका वाढायला एवढी एक प्रत पुरते. म्हणून इथे नात्यातल्या लग्नावर खापर फोडण्यात अर्थ नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, हे जनुक असलेल्या बहुतेकांना हा आजार आयुष्यात कधीच होत नाही. मग भावाच्या रिपोर्टवरून बहिणीचा रिश्ता मोडणं कुठल्या शहाणपणात बसतं?

लपवल्याने जनुक जात नाही, निदान मात्र लांबतं. थोरल्याचा आजार झाकला की धाकट्याचीही वर्षं 'गॅप'मध्येच जातात. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली, तेव्हा खेड्यातलं हे दुखणं किती मोठं आहे ते कळलं. लोकांना विचारलं, म्हणून कळलं. आपण घरातही विचारत नाही.

तवक्कुल म्हणजे इलाज सोडणं नव्हे. नियमित व्यायाम, सूज उतरवणारी औषधं, विडी-सिगारेट बंद आणि गरज पडल्यास महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं, यांनी हा आजार बराच आटोक्यात राहतो. त्यासाठी सोलापूर-पुण्याच्या संधिवाततज्ज्ञाकडे खेटे घालावे लागले तरी चालेल. घरात कुणाला हा आजार असेल, तर त्याचं नाव भावंडांना आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रिश्ता जोडायला येणाऱ्यांनाही सांगा, आणि वर दिलेला हिशेबही समजावून सांगा.