चालायलाही पैसे?

लोअर हटमध्ये राहणाऱ्या माणसाने "चालायला जाण्यासाठी पैसे मोजा" असं सांगणं म्हणजे कोकणातल्या माणसाने नारळ विकत घ्यायला सांगण्यासारखं आहे. इथे घराबाहेर पडलं की नदीकाठची वाट आहे. गाडी काढली तर थोड्याच वेळात वायनुइओमाटाच्या पलीकडे कॅचपूलचं खोरं, आणि तिथून जंगलातून ओरोंगोरोंगो नदीकडे जाणारा रस्ता. तिकीट नाही, फाटक नाही, गाईड नाही. डोंगरात चालण्याला इथले लोक "ट्रॅम्पिंग" म्हणतात आणि ते स्वतःच्या पाठीवर स्वतःचं ओझं घेऊन करायचं असतं, असा इथला जवळजवळ धर्मच आहे. वेलिंग्टनचा तारारुआ ट्रॅम्पिंग क्लब 1919 चा, आमच्या हट व्हॅलीचा क्लब 1923 चा. डोंगरांत सरकारी मुक्कामाच्या साडेनऊशेच्या आसपास झोपड्या आहेत, त्यांनाही हटच म्हणतात. (आमच्या गावाचा त्या हटशी संबंध नाही. गावाचं नाव न्यूझीलंड कंपनीतल्या विल्यम हट या साहेबावरून पडलं. पण नवीन आलेल्या मराठी माणसाला हे दरवेळी समजावून सांगावं लागतं.)

अशा गावात माझ्या ऑफिसातला एक सहकारी चीनच्या भिंतीवर चालायची सहल करून आला. आठ दिवस, दहा माणसं, एक चिनी वाटाड्या. गुबेइकोऊ, जिनशानलिंग, हुआंगहुआचेंग, मुतिआन्यू अशा टप्प्यांनी रोज काही तास भिंतीवरून किंवा भिंतीच्या कडेने चालायचं आणि रात्री खालच्या गावात शेतकऱ्याच्या घरी मुक्काम. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "चालायला पैसे? तेही चीनला जाऊन? त्यापेक्षा आपल्या गच्चीवर फेऱ्या मारा म्हणावं!" ऑफिसातल्या कट्टर ट्रॅम्परांचं मतही आईपेक्षा फार वेगळं नव्हतं. गाईडमागून चालणं म्हणजे लहान मुलाने बोट धरून चालण्यासारखं, असा एकूण सूर.

माझं मत याच्या उलट आहे. ऐतिहासिक जागी चालायचं तर लहान गटात आणि स्थानिक वाटाड्याबरोबर, हीच पद्धत योग्य आहे असं मला वाटतं. आणि ती चीनपेक्षाही आपल्या पन्हाळा ते पावनखिंड वाटेला जास्त लागू आहे. फक्त एक अट आहे, ती पुढे येईलच.

आधी भिंतीची गोष्ट. चीनने 2012 मध्ये जाहीर केलेल्या मोजणीनुसार सगळ्या राजवटींच्या भिंती मिळून लांबी 21,196 किलोमीटर भरते. पण बहुसंख्य पर्यटक बघतात तो बीजिंगजवळच्या बादालिंगचा डागडुजी केलेला छोटा तुकडा. तिथे इतकी झुंबड उडायला लागली की 2019 मध्ये दिवसाला 65,000 माणसांची मर्यादा घालावी लागली. विचार करा, पासष्ट हजार ही मर्यादा! बाकी भिंत मात्र ओस. मिंग काळात माणसांनी बांधलेल्या भिंतीपैकी सुमारे 30% नाहीशी झाल्याचं चिनी वृत्तपत्रांनी 2015 मध्ये छापलं. काही ऊनपावसाने गेली, काही आसपासच्या लोकांनी विटा काढून घरं बांधली म्हणून. 2023 मध्ये तर शांशी प्रांतात दोघांनी जवळचा रस्ता हवा म्हणून भिंतीच्या अवशेषांतून चक्क एक्स्कॅव्हेटर घातला.

म्हणजे एकीकडे गर्दीने चेंगरलेली भिंत आणि दुसरीकडे कुणालाच नको असलेली भिंत. या दोन टोकांच्या मधला मार्ग म्हणजे दहा-बारा जणांचा गट. तो दुर्लक्षित टप्प्यावर जातो, गावात राहतो, गावात जेवतो. ज्या शेतकऱ्याच्या घरी पाहुणे उतरतात त्याला भिंतीतली वीट भिंतीतच राहिलेली परवडते. अर्थशास्त्राचं एवढं साधं सूत्र कळायला डॉक्टरेटची गरज नाही.

शिवाय वाटाड्या काय दाखवतो ते महत्त्वाचं. सहकाऱ्याला चुन्याचे सांधे दाखवून सांगण्यात आलं की मिंग काळात चुन्यात चिकट तांदळाची पेज मिसळत. ही दंतकथा नाही. चिनी संशोधकांनी तसल्या जुन्या चुन्याचं पृथक्करण करून 2010 मध्ये ते प्रसिद्ध केलं आहे. तांदळातल्या स्टार्चमुळे चुन्याचे स्फटिक बारीक आणि घट्ट बसतात. त्याहून मजेशीर संशोधन 2023 चं. भिंतीचे जे टप्पे नुसती माती चोपून बांधले आहेत, त्यांच्यावर शेवाळाचा आणि सूक्ष्मजीवांचा पातळ थर चढलेला असतो. दिसायला घाण, पण तोच थर मातीची धूप रोखतो. आता हे ज्याला कुणी सांगितलंच नाही तो त्या थरावर बूट घासत चालणार. जीपीएस तुम्ही कुठे उभे आहात ते सांगतो, कशावर उभे आहात ते सांगत नाही.

आता आपल्याकडे येऊ. पन्हाळगडाला सिद्दी जौहरचा वेढा, 1660 च्या जुलैतली पावसाळी रात्र, दुसऱ्या पालखीत बसलेला शिवा काशीद, घोडखिंड अडवून उभे राहिलेले बाजीप्रभू. ही गोष्ट मराठी माणसाला सांगायची गरज नाही. त्या वाटेने पन्हाळ्याहून मसाई पठार, करपेवाडी, पांढरेपाणी असं करत दरवर्षी जुलैत मोहिमा निघतात. सांगलीला इंजिनिअरिंगला असताना मीही एका मोहिमेत गेलो होतो. आम्ही तीनशेच्या वर होतो. उत्साह दांडगा, घोषणा दणदणीत, चिखल गुडघाभर. पण इतिहास सांगणारे गृहस्थ रांगेच्या पुढे आणि आम्ही मागे. त्यांचा कर्णा भिजून बंद पडल्यावर तर काहीच ऐकू येईना. जुनी वाट नेमकी कुठून जात असावी, ओढा कुठे उतरता येतो, घोडी कुठून गेली असतील हे मला कळलं ते एका धनगरवाड्यावरच्या आजोबांकडून, चहा पिताना. त्या आजोबांना आयोजकांनी काहीही विचारलं नव्हतं, दिलं तर नव्हतंच.

इंजिनिअर असल्यामुळे मला इथे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. एखाद्या अरुंद उतारावर प्रत्येक माणसाला वीस सेकंद लागतात असं धरा. तीनशे माणसांना सहा हजार सेकंद, म्हणजे शंभर मिनिटं. शेवटचा माणूस पावसात पावणेदोन तास एका जागी कुडकुडत उभा. तो कंटाळून बाजूच्या गवतातून नवी वाट पाडतो, त्याच्यामागून वीस जण जातात आणि पुढच्या पावसात तिथे ओघळ तयार होतो. पंधरा जणांचा गट असेल तर हेच काम पाच मिनिटांत उरकतं. शिवाय पंधरा माणसांपर्यंत साधा आवाज पोचतो, कर्णा लागत नाही. वाट बिघडवते ती वर्षभरातली एकूण माणसं कमी आणि एकाच वेळी आलेली माणसं जास्त. विजेच्या जाळ्याचं जसं असतं तसंच. तारा जळतात त्या सरासरी भाराने नव्हे, एका संध्याकाळच्या कमाल भाराने.

यावर दोन आक्षेप येणार हे मला माहीत आहे, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप: "महाराजांच्या वाटेवर चालायला मर्यादा? आमच्याकडे लाखो लोक पंढरीला चालत जातात, कुणी अडवतं का?" पण वारी नीट बघा. वारी हा लाखोंचा एक लोंढा नाहीच. तिच्यात दिंड्या आहेत. दिंडीला क्रमांक आहे, रथाच्या पुढे की मागे हे ठरलेलं आहे, विणेकरी आहे, चोपदार आहेत. आपली माणसं कोण आणि मुक्काम कुठे हे दिंडीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. शिवाय वारी गावागावांतून मोठ्या रस्त्याने जाते, मसाई पठाराच्या जांभ्यावरच्या बोटभर मातीवरून नाही. शिस्तीत विभागून चालायची कला आपल्याकडे शतकानुशतकं आहे. ती गडवाटेवरच का विसरायची?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: "लहान गट, प्रशिक्षित वाटाड्या म्हणजे शेवटी श्रीमंतांची चैन." इथेच माझी ती अट येते. लहान गट म्हणजे महाग गट असं होता कामा नये.

न्यूझीलंडमध्ये हा वाद होऊन गेलेला आहे. मिलफर्ड ट्रॅक ही इथली सगळ्यात प्रसिद्ध वाट, 53.5 किलोमीटरची, चार दिवसांची. एके काळी तिथे फक्त पैसे भरून गाईडच्या गटातूनच जाता येत असे. ओटागो ट्रॅम्पिंग क्लबच्या मंडळींनी 1964 मध्ये बंड केलं आणि आपली ओझी घेऊन ते गाईडविना चालून गेले. परिणाम असा झाला की 1966 पासून स्वतंत्र चालणाऱ्यांसाठी वाट खुली झाली, त्यांच्यासाठी वेगळ्या झोपड्या आल्या. आज हंगामात दिवसाला 40 जण स्वतंत्र निघतात आणि जास्तीत जास्त 50 जण गाईडच्या गटातून. गाईडवाल्यांना गरम पाण्याची आंघोळ आणि तयार जेवण, त्याचे कितीतरी पट पैसे. स्वतंत्रवाल्यांना बंक, स्वतःची स्लीपिंग बॅग आणि स्वतः शिजवलेले नूडल्स. पण संख्येची मर्यादा दोघांनाही आहे. पैसे जास्त भरून मर्यादा मोडता येत नाही. मला यातली हीच गोष्ट सर्वांत शिकण्यासारखी वाटते.

गाईड घेतला म्हणजे सुरक्षितता विकत घेतली असंही समजू नये. इथे साहसी पर्यटनाचे नियम 2011 पासून आहेत, व्यावसायिकांची तपासणी होते. तरी डिसेंबर 2019 मध्ये व्हकारी ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा गाईडबरोबर बेटावर गेलेल्या लोकांपैकी आणि खुद्द गाईडांपैकीही मिळून 22 जण गेले. तेव्हा वाटाड्याला पैसे द्यायचे ते त्याच्या माहितीचे आणि वेळेवर "आज नको" म्हणण्याच्या हक्काचे. हा हक्क तीनशे जणांच्या मोहिमेत कुणालाच नसतो, कारण तीनशे जणांना परत फिरवणं कुणालाच झेपत नाही.

आपल्याकडे हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी सातारचं कास पठार दाखवीन. फुलांच्या हंगामात तिथे दिवसाला 3,000 जणांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, माफक शुल्क, आणि व्यवस्था बघायला आसपासच्या गावांतली माणसं. कुरकुर खूप झाली, पण पद्धत रुजली. मग पावनखिंडीच्या वाटेला काय हरकत आहे? उदाहरणादाखल मांडतो. पंधरा जणांचे बारा गट, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने. दिवसाला 180 माणसं. पावसाळ्याचे शंभर दिवस धरले तर 18,000. माणशी 400 रुपये वाटाड्याचे धरले तर एका गटामागे 6,000 रुपये वाडीत राहतात. निम्म्या जागा शाळा-कॉलेजच्या मुलांना सवलतीत, हे लिहूनच ठेवायचं. सगळ्यांना 12 जुलैलाच चालायचं असतं हे मान्य, पण त्या दिवसाच्या जागा चिठ्ठ्या टाकून द्या. इतिहासाची तारीख एक असली तरी पाऊस चार महिने असतो, आणि ती वाट कळायला पाऊसच लागतो.

हे आत्ताच बोलायचं कारण म्हणजे जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यात पन्हाळा आहे. चीनच्या भिंतीला हा मान 1987 मध्ये मिळाला आणि त्यानंतरच्या बत्तीस वर्षांत बादालिंगचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. आपल्याकडे माणसं आधी येतील, नियम मागून येतील आणि तोवर डोंगरकडेला खासगी रिसॉर्ट उभी राहून "हेरिटेज वॉक" पंधरा हजारांना विकला जाईल. मग धनगरवाड्यावरची मुलं तिथे बॅगा उचलायच्या नोकरीवर, आणि कोल्हापूरचा कॉलेजचा पोरगा फाटकाबाहेर. हे टाळायचं तर गर्दी यायच्या आधी गटाचा आकार, वाटाड्यांचं प्रशिक्षण आणि सवलतीच्या जागा ठरायला हव्यात.

सरकार करेल तेव्हा करेल. तोपर्यंत पुढच्या जुलैत मोहिमेला नाव नोंदवताना आयोजकांना दोनच प्रश्न विचारा: गटात किती जण आहेत, आणि वाटाड्या कुठल्या वाडीचा आहे? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर त्या आयोजकांना पैसे देऊ नका. चार मित्र जमवा, मसाई पठाराखालच्या एखाद्या वाडीत चौकशी करा आणि जो कुणी वाट दाखवायला येईल त्याला त्याच्या दिवसाची पुरती मजुरी द्या. चहाचे वेगळे.